रात्री टाकीतून येणारे तीन आवाज

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईची खाट हॉलमध्ये आणली. आतल्या खोलीला उंबरा आहे आणि बाथरूमही लांब पडतं, म्हणून हॉल सोयीचा. पण माझी माशांची तीन फुटी टाकीही त्याच हॉलमध्ये, तिच्या उशापासून चार पावलांवर. ही टाकी गेली सहा वर्षं तिथे आहे आणि तिचा आवाज होतो असं मला कधी वाटलंच नव्हतं. दिवसा घरात इतकं काही चालू असतं की ते कानावर येतच नाही.

पहिल्या दोन सकाळी "झोप लागली ना?" असं विचारल्यावर आई "लागली रे" म्हणाली. तिसऱ्या दिवशी मात्र बोलली. "तुझ्या टाकीतून तीन आवाज येतात. एक सतत गूंऽऽ करतो. दुसरा खर्रर्र, तो मधेच येतो, मधेच थांबतो. आणि तिसरा पाणी ओतल्यासारखा. तो ओतल्यासारखा चालेल मला. पहिल्या दोघांचं काहीतरी कर."

आईने आयुष्याची चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढली आहेत. कुठे तेल हवंय, कुठला स्क्रू ढिला झालाय हे तिला आवाजावरून कळतं. मला टाकीचा एकच आवाज ऐकू यायचा, तिने अंधारात पडल्या पडल्या तीन वेगळे काढले होते. पुढचं सगळं काम तिच्या त्या वर्गवारीवरच झालं.

त्याआधी मी जी चूक केली ती सांगितलीच पाहिजे, कारण बहुतेकांना हाच उपाय पहिल्यांदा सुचतो. त्या रात्री मी सरळ सगळी बटणं बंद केली. आठ तासांत काय होतंय, असं वाटलं. सकाळी साडेसहाला पाहिलं तर रोझी बार्ब मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून उभे होते, कल्ले भराभर हलत होते. तळाशी राहणारे चार कोरीडोरस एकामागून एक सारखे वर झेपावत होते. कोरीडोरस एरवीही अधूनमधून वर येऊन हवा गिळतात, पण असे मिनिटामिनिटाला नाही. पंप लावला, फिल्टर लावला, थोडं पाणी बदललं. तासाभराने सगळे सावरले. एकही मासा गेला नाही, पण तो तासभर मी टाकीसमोरून हललो नाही.

पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. पाणी हललं, वरचा थर खाली गेला, खालचा वर आला, की ही देवाणघेवाण चालू राहते. बुडबुड्यांचं मोठं काम म्हणजे हे पाणी हलवणं. २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात साठा आधीच कमी. त्यात रात्री टाकीतल्या वनस्पतीसुद्धा ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात. आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जिवाणू, जे माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यांनाही वाहतं, ऑक्सिजनवालं पाणी लागतं. त्यामुळे रात्री बंद ठेवणं हा उपाय नाहीच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना गुदमरवून मला झोप नको. तू आवाज शोध."

आधी गूं.

तो एअर पंपाचा, हे उघड होतं. पंप टाकीखालच्या प्लायवूडच्या कपाटात फळीवर ठेवलेला होता. मी तो चालू असतानाच उचलून हातात धरला, आणि हॉल एकदम हलका झाला. परत फळीवर ठेवला, गूं परत आला. असं चार-पाच वेळा केलं. आवाज करत होता तो पंप कमी आणि कपाट जास्त. या पंपात एक विद्युतचुंबक असतो आणि त्याच्यासमोर एका दांडीवर लहानसं कायमचुंबक. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा (काही देशांत ६०) हेलकावे खाते, तितक्याच वेळा ती दांडी मागे-पुढे होते आणि टोकाचा रबरी पडदा हवा ढकलतो. एवढ्याशा दांडीचा आवाज तो किती असणार! पण खालची फळी तिच्याबरोबर थरथरली की पोकळ कपाट ढोलकीसारखं घुमतं.

मी आधी टॉवेल गुंडाळला. आवाज उतरला, पण तासाभराने हात लावला तर पंप चांगलाच तापलेला. कोंडलेल्या उष्णतेने आतलं रबर लवकर कडक होतं, म्हणून टॉवेल काढला. मग जाड फोमचा तुकडा ठेवून पाहिला. बरा फरक पडला, पण पंप थरथरत थरथरत सरकायचा आणि पहाटेपर्यंत कपाटाच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकायचा. शेवटी आईनेच तिच्या शिवणाच्या डब्यातून रुंद इलॅस्टिक काढून दिलं. "टांगून ठेव ना. टेकलाच नाही कशाला तर वाजेल कसा?" भिंतीतल्या हुकाला इलॅस्टिकचा झोका बांधला आणि पंप त्यात बसवला. इलॅस्टिक कधीतरी सैल पडणार, म्हणून सोबत एक ढिली दोरीही बांधली आहे. हुक पाण्याच्या पातळीपेक्षा वर घेतला, म्हणजे वीज गेली तरी पाणी नळीतून उलटं पंपात उतरत नाही. ज्यांचा पंप खाली कपाटातच राहणार असेल त्यांनी नळीवर चेक वॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) घातल्याशिवाय राहू नये, आणि तो उलटा बसला नाही ना हे फुंकून बघावं.

गूं ऐंशी टक्के गेला असं मला वाटलं. आई म्हणाली, "अर्धा." तिचंच खरं होतं. कडक झालेली हवेची नळी टाकीच्या काचेवर ताणून टेकली होती आणि थरथर तिच्यातून काचेत जात होती. नवी मऊ सिलिकॉनची नळी घेतली, मोठा सैल वळसा देऊन आत सोडली. मग एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाला बसवलेला, बुडबुडे करणारा छिद्रांचा दगड. तो नळीतून उपटला आणि पंपाचा सूरच बदलला, दमलेला माणूस ओझं खाली ठेवतो तसा. दोन वर्षांत त्या दगडाची छिद्रं क्षार आणि शेवाळाने बुजली होती, पंप सगळा जोर तिथे लावत होता. नवा दगड घातला. पंप जास्त ताकदीचा असेल तर पुष्कळजण नळीवरचा कॉक आवळून हवा कमी करतात. त्यानेही असाच दाब मागे येतो. त्यापेक्षा T आकाराचा जोड लावून जादा हवा दुसऱ्या तोंडातून बाहेर सोडावी.

खर्रर्र शोधायला तीन रात्री गेल्या.

तो टाकीच्या काठाला टांगलेल्या फिल्टरचा होता. पण मी जवळ गेलो की थांबायचा, त्यामुळे मी त्याला दोष देऊन परत झोपायला जायचो. मग लांब पेचकस घेतला, त्याचं टोक फिल्टरच्या मोटरच्या बाहेरच्या, कोरड्या बाजूला टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. आतलं सगळं स्पष्ट ऐकू आलं. एकसारखी सळसळ, आणि मधूनच मूठभर वाळू डब्यात हलवल्यासारखा खडखडाट. त्याच वेळी टॉर्च पाण्यात मारलेला होता म्हणून दिसलं. एअर स्टोनमधून निघालेल्या बुडबुड्यांची एक माळ प्रवाहाबरोबर तिरकी होऊन फिल्टरच्या शोषणनळीत ओढली जात होती. बुडबुडा आत गेला की इंपेलर (मोटरमधलं पाणी ढकलणारं चक्र) पाण्याऐवजी हवा कापायचा आणि डगमगायचा. एअर स्टोन टाकीच्या दुसऱ्या टोकाला नेला. खडखडाट पाचातला एक उरला.

उरलेल्या एकासाठी मोटर उघडावी लागली. सगळे प्लग काढले, पाण्यात हात घालण्याआधी मी ते काढतोच. इंपेलर म्हणजे बोटाच्या पेराएवढा गोल चुंबक, त्याच्यावर छोटी पाती, आणि मधून आरपार जाणारी सिरॅमिकची काडी. चिमट्याने ओढून काढला तर चुंबकावर तपकिरी, बुळबुळीत साय चढली होती. पात्यांत एक लांब केस गुंडाळलेला. आणि खोबणीच्या तळाशी वाळूचा एकच कण, मोहरीपेक्षाही लहान. जुन्या टूथब्रशने चुंबक घासला, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने खोबण आतून पुसली. सिरॅमिकच्या काडीच्या दोन्ही टोकांना रबराच्या बारीक टोप्या असतात. त्यातली एक धुताना निसटून बेसिनमध्ये गेली होती, ती मी गुडघ्यावर बसून शोधून काढली. ती न घालता मोटर बंद केली तर काडी खोबणीत सैल राहते आणि स्वच्छ केल्यावर आवाज आधीपेक्षा वाढतो. "साफ केलं तरी वाजतंच" असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या टोप्या जागेवर आहेत का ते पाहावं.

इथवर आल्यावर बरेचजण कंटाळतात, आणि त्याचं कारण मला नंतर कळलं. सारख्याच जोराचे दोन आवाज असतील आणि त्यातला एक पूर्ण बंद केला, तर एकूण पातळी फक्त ३ डेसिबलने उतरते. कानाला तो फरक जेमतेम लागतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणून पहिली दुरुस्ती बरोबर असूनही फुकट गेल्यासारखी वाटते. फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपचे आकडे मी नेमके मानत नाही, खालच्या सुरांत फोनचा माइक कच्चा असतो. पण एकाच जागी, एकाच फोनवर, आधी आणि नंतर पाहायला तो उपयोगी पडतो. आईच्या उशाशी पहिल्या रात्री ४२ दाखवत होता, शेवटी ३२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीतल्या सततच्या आवाजासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवलेली आहे, त्याच्या जवळ पोचलो.

तिसरा, पाणी ओतल्यासारखा आवाज आईला चालणार होता, तरी शनिवारपर्यंत तो वाढतो हे तिनेच सांगितलं. आठवड्याभरात पाणी उडून पातळी दीड-दोन बोटं खाली जाते, फिल्टरची धार तितक्या उंचीवरून पडते. काचेला एक बारीक चिकटपट्टीची खूण केली आहे, तिथपर्यंत दर दोन दिवसांनी पाणी भरतो. धार पुरती बुडवून पृष्ठभाग थिजवायचा नाही, तरंग उठताना दिसला पाहिजे.

हे सगळं आईच्या झोपेसाठी चाललं होतं. पण पेचकस कानाला लावून टाकीच्या काचेवर ठेवला त्या रात्री मला वेगळीच टोचणी लागली. काच थरथरत होती, फिल्टर जिथे अडकवला होता तिथे सगळ्यात जास्त. बाहेर हवेत ऐकू येतं त्यावरून पाण्यात काय चाललंय हे समजत नाही, कारण पाण्यातला आवाज पृष्ठभागावरून बहुतांश परत आतच फिरतो. आत तो सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. आणि माझ्या टाकीत आहेत डॅनिओ, बार्ब आणि कोरीडोरस. या गटातल्या माशांना वाताशयापासून (पोटातल्या हवेच्या पिशवीपासून) आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. अर्न्स्ट हाइनरिक वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. त्या साखळीमुळे हे मासे इतर पुष्कळ माशांपेक्षा चांगलं ऐकतात. आई चार पावलांवर होती आणि तिला तीन रात्री झोप नव्हती. हे त्या काचेच्या आत सहा वर्षं होते.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फिल्टर आणि काच यांच्यामध्ये बसवल्या. आतल्या छोट्या पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) चूषक टोप्या दगडासारख्या झाल्या होत्या, त्या बदलल्या, म्हणजे त्याचं प्लास्टिक काचेला टेकेनासं झालं. मोठे आवाज गेल्यावर झाकणाची एक बारीक टकटकही ऐकू यायला लागली, तिला कोपऱ्यात रबराचा एक ठिपका पुरला.

गेल्या आठवड्यात रात्री अडीचला आईने हाक मारली. "अरे ऊठ, टाकी थांबली." वीज गेली होती. मी गाढ झोपेत होतो, ती आवाज बंद झाल्यामुळे जागी झाली होती. बॅटरीवरचा छोटा पंप शोधून लावला. तो भयंकर वाजतो, टांगायलाही वेळ नव्हता, तसाच स्टुलावर ठेवला. वीज चारला आली. फिल्टर दोन-तीन सेकंद खडखडला, आतली हवा बाहेर टाकली आणि धार सुरू झाली. आई कुशीवर वळून ऐकत होती. "हं, बसला जागेवर," म्हणाली, आणि मी बॅटरीचा पंप बंद करेपर्यंत तिला झोप लागली होती.