स्विच, राउटर, फायरवॉलवर देखरेख बसवताना: माझा अनुभव

चाकणच्या आमच्या कारखान्यात नेटवर्कवर लक्ष ठेवायचं म्हणजे इतकी वर्षं फक्त पिंग, म्हणजे 'आहेस का?' विचारणारं छोटं पाकीट. एका जुन्या पीसीवरून सगळ्या स्विचना पिंग जायचं, उत्तर आलं की हिरवा दिवा. वेल्डिंग शॉपमधून मात्र रोज फोन: "साहेब, नेट परत रडतंय." इकडे दिवा हिरवागार. कोअर, म्हणजे मधला मुख्य स्विच बदलला, फायरवॉलची नवी जोडी आली, तेव्हा त्याच झपाट्यात मी सगळ्या उपकरणांवर नीट देखरेख बसवायची परवानगी पदरात पाडून घेतली.

विक्रेत्याचा आग्रह त्याच्या क्लाउड डॅशबोर्डचा होता. दिसायला देखणा, पण दर स्विचमागे दर वर्षी लायसन्सचे पैसे, आणि दुसऱ्या कंपनीचं उपकरण त्यात धड दिसत नाही. आमच्याकडे तीन कंपन्यांची खिचडी. म्हणून मी लिब्रेएनएमएस हे देखरेखीचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, लिनक्सच्या एका व्हर्च्युअल मशीनवर बसतं आणि एलएलडीपी (उपकरणं शेजाऱ्याला स्वतःची ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) वाचून कुठला स्विच कुणाला जोडलाय ते स्वतःच शोधतं.

घाम काढला तो एसएनएमपीने, म्हणजे उपकरणांना त्यांची आकडेवारी विचारायच्या प्रोटोकॉलने. जुन्या स्विचवर दुसरी आवृत्ती आणि पासवर्डच्या जागी चक्क 'पब्लिक', तोही तारेवरून उघडा जाणारा. तिसरी आवृत्ती 2002 पासून पूर्ण मानक आहे, युजर तपासते, माहिती एन्क्रिप्ट करते. तीच सगळीकडे लावायला घेतली. काही स्विच लगेच जुळले. काही मात्र थोडा वेळ उत्तर द्यायचे आणि 'नॉट इन टाइम विंडो' म्हणून गप्प व्हायचे. पासवर्ड बरोबर, एसएनएमपीचं पोर्ट यूडीपी 161 उघडं, तरी तेच. शेवटी स्विचची कॉन्फिग (सेटिंगची यादी) ओळ न् ओळ वाचत बसलो. पूर्वीच्या ठेकेदाराने एका स्विचची कॉन्फिग बाकीच्यांवर जशीच्या तशी चिकटवली होती, इंजिन आयडीच्या ओळीसकट. तिसऱ्या आवृत्तीत उपकरणाची ओळख त्या आयडीवर ठरते, आणि ते किती वेळा रीस्टार्ट झालं, तेव्हापासून किती सेकंद चालू आहे, याचाही हिशेब ठेवला जातो. एकाच आयडीचे चार स्विच चार वेगळे आकडे सांगायला लागले, की सर्व्हर कुणावर विश्वास ठेवणार? प्रत्येकाचा आयडी वेगळा केला. किल्ल्या त्या आयडीवरूनच बनतात, त्यामुळे युजरही नव्याने तयार करावे लागले.

आलेख दिसायला लागल्यावर आधी वेल्डिंग शॉप उघडलं. अपलिंकवर (शॉपला बाकी नेटवर्कशी जोडणाऱ्या तारेवर) ट्रॅफिक जेमतेम, पण सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पाकिटं) सकाळी शिफ्ट सुरू झाली की चढायच्या, जेवणाच्या सुट्टीत एकदम सपाट, मग पुन्हा वर. रात्री शून्य. हा आलेख घेऊन मेंटेनन्सच्या काकांकडे गेलो. त्यांनी तो फोनवर मोठा करून पाहिला आणि विचारलं, "तुमची वायर वेल्डिंगच्या ट्रेमधून तर नाही ना गेली?" तिथूनच गेली होती, मशीनच्या पॉवर केबलला खेटून, भरपूर लांब. वेल्डिंगच्या विजेचा त्रास फायबरला होत नाही, म्हणून तांब्याची केबल काढून फायबर टाकली आणि एरर थांबल्या. पिंगचं पाकीट एवढंसं, ते बहुतेक वेळा सहीसलामत पोचायचं, म्हणून तो दिवा कधी लाल झालाच नाही.

अलर्टचं तंत्र वेगळंच. सुरुवातीला सगळं चालू ठेवलं तर ऑफिस सुटताना लॅपटॉप बंद होतील तसे 'पोर्ट डाउन'चे मेसेज टपाटपा यायला लागले. मग फक्त अपलिंक, सर्व्हर आणि ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टना नावं दिली आणि नाव असलेल्या पोर्टसाठीच अलर्ट ठेवला. कोअर पडला तर त्यामागच्या स्विचची बोंब येऊ नये म्हणून डिपेंडन्सीही लावल्या. नवीन कुणी हे करणार असेल तर मी म्हणेन, आधी पोर्टना नावं द्या. कंटाळवाणं काम आहे, पण त्यावाचून पुढचं सगळं व्यर्थ.

सिसलॉग, म्हणजे उपकरणांनी लिहिलेल्या घडामोडींच्या नोंदी, एका ठिकाणी आणले तेव्हा वेळेचा घोळ समोर आला. फायरवॉल यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) सांगतोय, स्विच भारतीय वेळ, आणि घड्याळच न लावलेले एक महाशय 1970 सालातच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवायचे आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरशी जुळवायची, त्यामुळे हे टाळताही येत नव्हतं. सगळ्यांना एकाच एनटीपीवर आणलं.

आणि ऑक्सिडाइज्ड हे सॉफ्टवेअर. ते दर तासाला सगळ्यांची कॉन्फिग ओढून गिटमध्ये ठेवतं, त्यामुळे आधीच्या प्रतीशी फरक दिसतो आणि नव्या ओळीला अधिकचं चिन्ह लागतं. एका सोमवारी फायरवॉलच्या फरकात अधिकचं चिन्ह लागलेला नियम दिसला: कुठूनही, कुठेही, परवानगी. शनिवारी चाचणीला आलेल्या इंजिनिअरने तो टाकला होता आणि काढायचा राहून गेला होता. वेळ आणि युजरचं नाव सिसलॉगमध्ये होतंच, त्यामुळे फोनवर वाद झाला नाही. नियम काढला आणि बाहेरच्यांसाठी वेगळं लॉगिन केलं, शिफ्टपुरतंच चालणारं.

गेटच्या केबिनमधला आठ पोर्टचा साधा स्विच अजून नकाशात येत नाही, कारण त्याला एसएनएमपीच नाही. तो बदलायचा प्रस्ताव खरेदी विभागात पडून आहे.