शेजाऱ्याची वीज

प्रश्न मला आता पाठ झालाय. टेक्ससमधला मेहुणा विचारतो, मंडळाच्या गणपतीत भेटलेले विचारतात, पुण्याहून भाचा विचारतो. "तुमचं कॅलिफोर्निया सौर-सौर करत मिरवतं आणि कमी पडली की शेजारच्या राज्यांची वीज घेतं. ढोंगच ना हे?" विचारताना चेहरा असा, की जणू मलाच आकडा टाकताना पकडलंय.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो. हो, घेतं. वर्षाची साधारण पाव वीज बाहेरून येते. पण त्यात कोलंबिया नदीवरच्या धरणांची आहे, ॲरिझोनातल्या पालो व्हर्दे अणुप्रकल्पाची आहे, हूव्हर धरणाची आहे. ओरेगनहून लॉस एंजेलिसला येणारी डीसी (एकदिश प्रवाहाची) लाइन १९७० पासूनची. तेव्हा छपरावरची पॅनेलं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आणि वसंतात भरदुपारी आमच्याकडे इतकी वीज होते, की शेजाऱ्यांना देऊनही उरते आणि सौर प्रकल्प चक्क बंद ठेवावे लागतात. युटाहमधून लॉस एंजेलिसला कोळशाची वीज वर्षानुवर्षं यायची, हेही खरं. वाद घालताना मी ते सोयीने गाळायचो.

२०१८ च्या सप्टेंबरात, २०४५ पर्यंत सगळी वीज कार्बनमुक्त करायची असा कायदा झाला, तेव्हा मी फोनवर अण्णांना अर्धा तास ऐकवलं होतं. अण्णा वीज मंडळात लाइनमन होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "दुपारचं कळलं. संध्याकाळी सातला काय?" मी म्हटलं, "ग्रिड आहे की, तारांचं एवढं जाळं." म्हणजे काय, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही. ग्रिड आहे, म्हणजे कुणाकडे तरी असेल.

१४ ऑगस्ट २०२०, शुक्रवार. सहा महिन्यांसाठी आलेले अण्णा विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकले होते. फुप्फुसं आधीच अधू, दिवसाचे बरेच तास ऑक्सिजनच्या मशीनवर. बाहेर भट्टी पेटलेली. ऑल्टामाँटच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या खिडकीतून दिसतात, त्या ढिम्म उभ्या. सातला थोडा अवकाश असताना एसी थांबला, फ्रिज थांबला आणि मशीन किंचाळायला लागलं.

अडीअडचणीसाठी दिलेला सिलिंडर गॅरेजमध्ये होता. त्याचा व्हॉल्व्ह उघडायची किल्ली नव्हती. ड्रॉवर उपसले, हत्यारांची पेटी पालथी केली. ती सापडली दिवाळीच्या माळांच्या खोक्यात. तिथे कुणी ठेवली, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही. घामेजल्या बोटांतून वॉशर निसटून कपाटाखाली गेला. मी पालथा पडून तो शोधतोय आणि आतून मशीनची ती किंचाळी. आठ-दहा मिनिटं गेली असतील. आत आलो तर अण्णा दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवून, ओठांचा चंबू करून, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे श्वास मोजत होते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. बघितलं असतं तर आकडा चुकला असता.

नळी लागली, रंग परतला. बायको खिडकीशी उभी होती. म्हणाली, "वर अजून एवढं ऊन आहे. आपली अठरा पॅनेलं आहेत. मग?" मला उत्तर माहीत होतं, तोंडातून निघेना. अण्णांनीच दिलं, दोन-दोन शब्दांवर थांबत. "लाइन बंद असताना घरातून उलटी वीज गेली, तर खांबावरचा माणूस जातो. म्हणून पॅनेलंही बंद पडतात. तेच बरं." तसा एक माणूस त्यांनी स्वतः खांबावरून खाली उतरवला होता, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

बॅटरी असती तर घर चाललं असतं. पॅनेलं बसवणाऱ्याने तिची किंमत सांगितली होती. "इथे वीज जाते कधी?" असं म्हणून मी हसलो होतो.

तासाभराने वीज आली. मेहुण्याचा मेसेज त्याआधीच आला होता: "झालं का हिरवं?"

कारणं नंतर अहवालात वाचली. उष्णतेची लाट सगळ्या पश्चिमेवर होती, त्यामुळे शेजाऱ्यांकडेही देण्यासारखं फार नव्हतं. ऊन उतरल्यानंतरच्या तासांचं नियोजन कमी पडलं होतं. वर वीजबाजाराचे नियम असे, की इथली घरं अंधारात असताना आधी ठरलेली वीज राज्याबाहेर जातच होती. म्हणजे तुमचा प्रश्न उलटा करूनही विचारता येतो. पण त्याने माझी सुटका होत नाही. पुढच्याच जुलैत ओरेगनमधल्या वणव्याने लाइनींवर घाला घातला आणि हजारो मेगावॉटची आयात अडली. लांबची तार ही लांबचीच.

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सस थंडीत गारठून कित्येक दिवस अंधारात होतं. त्यांची ग्रिड जवळजवळ एकटी, शेजाऱ्यांकडून फारसं येण्याची सोयच नाही. मी मेहुण्याला "झालं का स्वावलंबन?" एवढं टाइप केलं आणि पुसलं. त्याच्या घरी लहान मूल होतं. (पुसलं म्हणून मी मोठा ठरत नाही, आज इथे लिहिलंच.)

आता राज्यात बॅटऱ्या आहेत. २०२० मध्ये काहीशे मेगावॉट होत्या, २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेल्या. एक माझ्याही भिंतीवर आहे. राज्यातला डियाब्लो कॅन्यनचा अणुप्रकल्प बंद होणार, असं २०१६ मध्ये ठरलं, तेव्हा मी खूश होतो. २०२२ मध्ये त्याला मुदतवाढ मिळाली, तेव्हाही खूश झालो. दोन्ही वेळचा मी खरा होतो. कुठला बरोबर, ते विचारू नका. बिलाचंही विचारू नका.

अण्णा वीज गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात भारतात परत गेले. अजूनही आमच्या संध्याकाळी, त्यांच्या सकाळी फोन येतो. "काय रे, आत्ता कुठून येतेय?" मी ग्रिडचं ॲप उघडून वाचून दाखवतो. सौर उतरतंय, बॅटरी चढतेय, गॅस इतका, पाणी इतकं.

"आणि बाहेरून?"

तोही आकडा वाचतो.