तिसरा सिलेंडर आणि कॉम्प्रेशनचे आकडे

कात्रजच्या जुन्या घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडायला लागली आणि आयडलला थरथर वाढली, तेव्हा कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलेंडरमधली हवा किती दाबतो, ते बघायचं ठरवलं. गाडी कार्बोरेटरवाली मारुती ८००, ७९६ सीसी, तीन सिलेंडर. गेज नाना पेठेतून आणलं, १४ मिलिमीटरच्या आट्यांचं.

पहिल्या दिवशी आले १०८, १०४ आणि ७२ पीएसआय (दाबाचं एकक). एका गॅरेजमध्ये हे सांगितलं तर लगेच उत्तर मिळालं, "रिंगा गेल्यात, बोअरचं काम काढा." म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, सिलेंडरची आतली भिंत दुरुस्त करा. पण घरी आल्यावर लक्षात आलं की चाचणीच चुकली होती. इंजिन गार होतं, बॅटरी उतरलेली होती, एका वेळी एकच प्लग काढला होता आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला नव्हता. थ्रॉटल बंद असेल तर सिलेंडरमध्ये हवाच पुरी जात नाही, मग दाबली जाणार काय?

रात्रभर बॅटरी चार्ज केली. सकाळी सिंहगड रस्त्याला चक्कर मारून इंजिन तापवलं, कॉइलची वायर काढली, तिन्ही प्लग बाहेर घेतले. शेजारचे काका आत बसले. "काका, पॅडल शेवटपर्यंत दाबूनच ठेवा," म्हणालो आणि प्रत्येक सिलेंडरला सहा दाब होईपर्यंत सेल्फ मारायला सांगितला. आता आकडे १५६, १५३, ११२.

मॅन्युअलमधल्या आकड्याशी हे लगेच ताडून बघू नका. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब साधारण ६ टक्क्यांनी कमी. इथले १५६ म्हणजे मुंबईत १६५ च्या आसपास. म्हणून मी सिलेंडरांमधला फरक आधी बघतो. तो दहा टक्क्यांच्या आत असावा. इथे तिसरा चाळीसेक पीएसआयने मागे.

काटा कसा चढतो तेही बघत होतो. पहिला सिलेंडर पहिल्याच दाबाला शंभरीजवळ गेला आणि भराभर वर आला. तिसरा ६५ वरून निघाला आणि ११२ ला अडकला. रिंगा झिजल्या असतील तर काटा कमी आकड्यावरून निघतो खरा, पण दर दाबाला थोडा थोडा चढत राहतो. असा अडकला की माझा संशय व्हॉल्ववर जातो.

मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल तिसऱ्यात सोडलं. जास्त घालू नका, ऑइलच जागा व्यापतं आणि आकडा खोटा फुगतो. ११२ चे ११७ झाले. रिंगांतून दाब निसटत असता तर ऑइलने फट भरून आकडा चांगलाच उसळला असता. हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) दोन सिलेंडरांच्या मधे फुटलं असतं तर दुसराही पडला असता, तो मात्र १५३ वर ठाम. उरला व्हॉल्व.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व उघडणारा भाग, त्याच्यात आणि व्हॉल्वमध्ये थोडी गॅप लागते. त्यावरचं कव्हर उघडलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्वला गॅपच नव्हती, सगळ्यात पातळ फिलर पातंही शिरेना. आधीच्या मालकाने गाडी बरीच वर्षं सीएनजीवर चालवली होती. त्यात सीट (व्हॉल्व जिथे टेकतो ती कडा) झिजते, व्हॉल्व वर सरकतो, टॅपेट घट्ट होतो. मग व्हॉल्व पूर्ण बसत नाही, आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि कडेने जळतो. ज्यांच्या जुन्या गाड्या सीएनजीवर आहेत त्यांनी टॅपेट नियमित तपासावेत, अगदी कळकळीने सांगतो.

गॅप मॅन्युअलप्रमाणे लावली. चार दिवस गाडी चालवून परत मोजलं: १५६, १५४, १३४. सुधारणा आहे, पण वीसची तूट राहिली.

काल शेवटची खात्री केली. तिसरा सिलेंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणला (पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व बंद), चौथा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा दिली. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही, म्हणजे गॅस्केट ठीक; कार्बोरेटरमध्ये आवाज नाही, म्हणजे इनटेक व्हॉल्व ठीक. सायलेन्सरला कान लावला तर स्पष्ट फुस्स ऐकू आलं, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्वच गळतोय. ऑइल भरायच्या तोंडातूनही रिंगांवाटे थोडी हवा येते, पण तिन्ही सिलेंडरांना सारखीच.

रविवारी हेड उतरवतोय. बोअरला हात लावणार नाही. तिसऱ्याला नवा एक्झॉस्ट व्हॉल्व आणि कडक सीट, बाकी व्हॉल्व लॅपिंग (सीटवर घासून नीट बसवणं), नवं गॅस्केट. जळालेल्या व्हॉल्वचा फोटो आणि नवे आकडे पुढच्या नोंदीत.