गालाचं हाड मोडलं, आणि तपासणी सुरू झाली मानेपासून

चेहऱ्याचं हाड मोडलेल्या माणसाला रुग्णालयात नेलं की आधी चेहऱ्याकडे बघतील असं वाटतं. माझ्या गालाला मात्र बराच वेळ कुणी हातसुद्धा लावला नाही.

सायकलवरून मी तोंडावर पडले होते. डावा गाल फुगत चाललेला, हनुवटी फाटलेली, तोंडात रक्त. पहिल्यांदा मानेला कॉलर बसवली. तोंडातलं रक्त नळीने ओढून घेतलं. कूस बदलायची वेळ आली तेव्हा चौघांनी मिळून मला मान न वाकवता एकसंध वळवलं. ताई सोबत होती, तिचा धीर सुटत होता. "अहो, तिचा गाल बघा ना आधी," ती सारखी म्हणत होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी काम करता करताच तिला समजावलं : गालाचं हाड मोडण्याइतका मार बसला म्हणजे तोच धक्का मानेला आणि मेंदूलाही बसलेला असू शकतो. गाल आठवडाभर थांबला तरी चालतो, श्वास आणि मान थांबू शकत नाहीत.

मग त्यांनी विचारलेले प्रश्न मला तेव्हा असंबद्ध वाटले. नाकातून पाण्यासारखं पातळ काही येतंय का? घशात खारट लागतंय का? कवटीच्या तळाला तडा गेला तर मेंदूभोवतीचा द्रव नाकावाटे झिरपतो, म्हणून हे विचारतात. समोरचा एक दात अर्धा तुटला होता. त्याचा तुकडा कुठे आहे हे आम्हाला सांगता येईना, तेव्हा छातीचा एक्स-रे काढला. तुटलेला दात श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेला असू शकतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. धनुर्वाताचं इंजेक्शनही तेव्हाच झालं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो डोळ्यात, आणि तो घालवायलाच हवा होता. पापण्या सुजून एकदा बंद झाल्या की आत बघणं अवघड होतं, म्हणून डोळा लवकर तपासावा लागतो. टॉर्चचा उजेड, अक्षरं वाचणं, मग "डोकं न हलवता माझ्या बोटाकडे बघा." समोर बघताना बोट एकच होतं, वर नेलं की त्याची दोन झाली. रात्रभर नर्सताई ठरावीक वेळाने सुजलेली पापणी हलकेच उघडून "दिसतंय का?" असं विचारत राहिल्या. झोपमोडीचा त्रास होत होता, पण कारण कळल्यावर मी स्वतःच जागी राहायला लागले. डोळ्यामागे रक्त साचत गेलं तर त्याचा दाब दृष्टीच्या नसेवर येतो आणि थोड्याच वेळात नजर कायमची जाऊ शकते. अशा वेळी स्कॅनची वाट न बघता पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब मोकळा करतात. वाढती वेदना, पुढे येणारा डोळा आणि अंधुक होत जाणारी नजर, यातलं काहीही जाणवलं तर लगेच हाक मारा, असं मला दोनदा बजावलं होतं.

गाल, नाकाची डावी बाजू, वरचा ओठ आणि वरचे दात बधिर झाले होते. सर्जननी कापसाने दोन्ही गालांना स्पर्श करून पाहिलं आणि स्कॅन हाती यायच्या आधीच सांगितलं की डोळ्याखालचं हाड मोडलं असणार. त्या भागाची संवेदना नेणारी नस त्याच हाडातून जाते. सीटी स्कॅनमध्ये तेच दिसलं : गालाचं हाड आत दबलेलं आणि डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटलेला. हा तळ कागदासारखा पातळ असतो. तो फुटला की डोळ्याभोवतीची चरबी, कधी डोळा हलवणारा स्नायूही फटीत उतरतो. लहान मुलांमध्ये तर डोळा वरून पांढरा स्वच्छ दिसतो आणि स्नायू आत पक्का अडकलेला असतो. मूल उलट्या करतं, नाडी मंदावते, आणि सगळ्यांना वाटतं डोक्यालाच लागलं. अशा मुलांची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते.

रिपोर्टात ‘ले फोर नाही’ अशीही एक ओळ होती. रने ले फोर या फ्रेंच सर्जननी १९०१ साली मृतदेहांवर अभ्यास करून चेहऱ्याचा मधला भाग कोणत्या तीन रेषांवर सुटतो हे मांडलं होतं. ते नाव अजूनही रोजच्या वापरात आहे. माझा मधला भाग जागेवर होता.

हनुवटीला टाके पडले आणि मला वाटलं तेवढ्यावर भागलं. पण सर्जननी दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडायला सांगितलं. जबडा उजवीकडे सरकत होता. "दात पूर्वीसारखे जुळतायत का?" नव्हते जुळत. उजवीकडचे आधी टेकत, डावीकडे फट राहत होती. हनुवटीवरचा मार जबड्यातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचतो. माझ्या उजव्या सांध्यातलं जबड्याचं टोक त्याच्या खालच्या निमुळत्या भागाशी मोडलं होतं. हनुवटीच्या जखमेवर टाके घालून घरी पाठवलेल्या प्रत्येकाला हा एक प्रश्न विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

शस्त्रक्रिया लगेच झाली नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, आणि सुजलेल्या चेहऱ्यावर दोन्ही गाल सारखे झाले की नाही हे कळत नाही. फार उशीर केला तर हाडं चुकीच्या जागी जुळू लागतात. या दोन्हींच्या मधला काळ मी उशाशी उंच उशा घेऊन काढला. नाक शिंकरायला सक्त मनाई होती, कारण फुटलेल्या हाडातून हवा डोळ्याभोवतीच्या त्वचेखाली शिरते. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. ताईला दात दिसतील असा माझा हसरा जुना फोटो आणायला सांगितलं होतं. आधीचा चेहरा कसा होता हे सर्जनला बघायचं असतं.

छेद तोंडाच्या आतून आणि खालच्या पापणीच्या आतून घेतले. टायटॅनियमच्या छोट्या प्लेट, खोबणीच्या तळाला पातळ आधार. सांध्याला चिरलं नाही. वरच्या-खालच्या दातांना तारा बसवून रबरांनी जबडा आवळला, म्हणजे हाड सांधताना दात बरोबर जुळत राहतील. उलटी झाली तर रबरं कापायला एक कात्री कायम हाताशी ठेवायची होती, ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पातळ अन्न, लहान मुलांचा ब्रश, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. वजन उतरलं. रबरं निघाल्यावर तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू झाले. आपलीच तीन बोटं उभी मावली की पुरेसं, असं माप असतं. तिसरं बोट जायला फार दिवस लागले आणि रोज दुखलं.

या सगळ्यात मागे पडलं ते डोक्याचं. स्कॅन स्वच्छ होता, पण मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, उजेड सहन होत नव्हता, शब्द आठवत नव्हते. ताईने हे सगळं लिहून ठेवलं आणि तपासणीला गेल्यावर वाचून दाखवलं, तेव्हा मेंदूला हादरा बसल्याचं निदान झालं आणि वाचन, स्क्रीन कमी करून विश्रांती मिळाली. सोबत असणाऱ्याचं निरीक्षण किती मोलाचं असतं ते मला तेव्हा कळलं. आरशात बघवत नव्हतं, रस्त्यावर जायची भीती वाटत होती, हेही तिनेच सांगितलं. त्यासाठी समुपदेशकांकडे पाठवलं, आणि त्याचा मला प्लेट-स्क्रूइतकाच उपयोग झाला.

वर बघताना दोन दिसणं काही आठवड्यांत थांबलं. गालाला आधी मुंग्या आल्या, मग वाऱ्याची झुळूकही टोचायला लागली. नस जागी होताना असं होतं म्हणे. वरच्या ओठाचा एक भाग अजून बधिर आहे. डावा डोळा आत गेला आहे का हे सूज पूर्ण उतरल्यावरच नीट कळतं, त्यामुळे नेत्रतज्ज्ञ पुढच्या भेटीत दोन्ही डोळे पुन्हा मोजणार आहेत.