तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाची मूळ गोष्ट कुठली?

मूळ अशी एक गोष्ट नाहीच. प्रत्येकाने आधीच्याकडून घेतली आणि आपली भर घातली. जेफ्री ऑफ मॉन्मथने ११३६च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला. त्यात जादूगार मर्लिन आहे, पण सरदार लान्सलॉट नाही, आर्थरच्या सरदारांचं गोल मेज नाही, ग्रेल हे पवित्र पात्रही नाही. मेज आणलं वास नावाच्या कवीने, ११५५ मध्ये, फ्रेंच काव्यात. मानाच्या जागेवरून सरदारांत भांडणं नकोत म्हणून.

ग्रेल म्हटलं की सगळे पवित्र प्याला शोधू लागतात. फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्रॉयच्या ‘पर्सेव्हाल’ या काव्यात, म्हणजे ११८०च्या आसपास, ते नुसतं रुंद, खोलगट ताट आहे. तरुण सरदार पर्सेव्हाल एका जखमी राजाकडे पाहुणा असतो. जेवणाच्या दालनातून आधी रक्त ठिबकणारा भाला जातो, मग मेणबत्त्यांचे दिवे, मग रत्नजडित सोन्याचं ताट घेतलेली मुलगी. ‘हे कुणाला वाढायचं?’ एवढंच पर्सेव्हालने विचारायचं होतं. पण फार बोलू नकोस, अशी शिकवण मिळालेली, म्हणून तो गप्प राहतो आणि जखमी राजा बरा होत नाही. पुढे एक संन्यासी सांगतो, त्यात पाइक, लँप्रे की सामन असे मासे नसतात, असते ती फक्त प्रसादाची एक पोळी. मासे नाहीत हे मुद्दाम सांगावं लागतं, यावरूनच ते कसलं ताट होतं ते कळतं. काव्य अपुरं राहिलं, आणि त्या रिकाम्या जागेत पुढच्यांनी हात घातला. रोबेर द बोरोन या फ्रेंच कवीने ताटाला येशूच्या शेवटच्या भोजनाचं पात्र केलं. वोल्फ्राम या कवीच्या जर्मन काव्यात तर ग्रेल म्हणजे दगड आहे.

आर्थरच्या गोष्टी एकत्र करणारं टॉमस मॅलरीचं इंग्रजी पुस्तक १४७० च्या सुमारास पूर्ण झालं, मुद्रक कॅक्स्टनने ते १४८५ मध्ये छापलं. पहिल्या पानापासून सुरू केलंत तर लढायांच्या गर्दीत थकाल. त्यापेक्षा आधी ‘पर्सेव्हाल’ वाचा, मग मॅलरीचे शेवटचे दोन खंड (विसावा नि एकविसावा), आणि मग सुरुवात. आवृत्ती घेताना बघा, ती कॅक्स्टनच्या छापील प्रतीवर आहे की १९३४ मध्ये विंचेस्टरला सापडलेल्या हस्तलिखितावर. कॅक्स्टनने आर्थरच्या रोमवरच्या स्वारीचा भाग निम्म्याहून कमी केला होता. आणि सुरुवातीला तलवारींकडे लक्ष ठेवा. आर्थरने दगडातून उपसलेली तलवार पेलिनोर राजाशी लढताना मोडते. तळ्यातून मिळते ती दुसरीच.