कॉलेज आईस हॉकीच्या बाद फेरीत पासष्ट टक्के म्हणजे पुष्कळ झाले

मार्च महिना उतरणीला लागला की अमेरिकेतील कॉलेज आईस हॉकीचे चाहते सोळा संघांचा तक्ता पुढे घेऊन बसतात आणि पंधरा सामन्यांच्या विजेत्यांची नावे भरू लागतात. मीही दरवर्षी हा उद्योग करतो. मात्र विजेत्याचे नाव लिहून मोकळे होणे मला पटत नाही. नावापुढे टक्केवारी लिहिली नाही, तर त्या भाकिताला अर्थ उरत नाही असे माझे मत आहे, आणि ही टक्केवारी या खेळात बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असायला हवी.

अमेरिकेतील कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या पुरुषांच्या प्रथम श्रेणी स्पर्धेची सध्याची रचना २००३ पासूनची आहे. सोळा संघ चार विभागांत वाटले जातात, प्रत्येक विभागाचा विजेता ‘फ्रोझन फोर’मध्ये, म्हणजे शेवटच्या चौघांत जातो आणि प्रत्येक फेरीत एकच सामना असतो, म्हणजे हरला तो घरी गेला. सहा कॉन्फरन्सच्या, म्हणजे हंगामभर आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांच्या, विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या दहा जागा हंगामातील कामगिरीवर ठरतात. त्याआधी कॉन्फरन्सच्या स्वतःच्या बाद फेरीत बऱ्याच ठिकाणी तीनपैकी दोन सामने जिंकण्याची मालिका असते, पण तिथेही सरस संघाला फार मोठा दिलासा मिळत नाही. एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर मालिका जिंकण्याची शक्यता जेमतेम ६५ टक्क्यांवर जाते. राष्ट्रीय स्पर्धेत तेवढेही मिळत नाही. प्रत्येक सामन्यात ६० टक्के पारडे जड असलेल्या संघाने सलग चार सामने जिंकून करंडक उचलण्याची शक्यता १३ टक्के भरते. पंधराच्या पंधरा सामन्यांत सरस संघाचा विजय ६० टक्के धरला आणि सगळीकडे त्याचेच नाव लिहिले, तरी संपूर्ण तक्ता अचूक येण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी राहते.

हे ६० टक्के आले कुठून, हा रास्त प्रश्न आहे. या खेळात एक संघ एका सामन्यात साधारण तीनच्या आसपास गोल करतो. समजा एका संघाकडून सरासरी ३ आणि दुसऱ्याकडून २.५ गोलांची अपेक्षा आहे. अर्ध्या गोलाचा हा फरक दिसायला लहान असला, तरी हंगामभर टिकला तर तो संघ मानांकनात बराच वर जाऊन बसतो. गोल एकमेकांपासून स्वतंत्रपणे होतात असे मानून गणित केले, तर सरस संघ साठ मिनिटांत जिंकण्याची शक्यता सुमारे ५० टक्के येते, हरण्याची सुमारे ३३ टक्के, आणि उरलेल्या साधारण सहापैकी एका सामन्यात बरोबरी होऊन जादा वेळ खेळावा लागतो. जादा वेळ धरून सगळे मिळून साठच्या आतबाहेरच राहते. बास्केटबॉलमध्ये गुणांची संख्या इतकी मोठी असते की नशिबाचे चढउतार बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात. इथे पकाने, म्हणजे खेळाच्या रबरी चकतीने, खांबाला लागून आत जाणे किंवा बाहेर पडणे, एवढ्यावर हंगाम संपू शकतो.

संघांची ताकद मोजण्याच्या पद्धतींबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण भाकिताची खरी गोम तिथेच आहे. अनेक वर्षे निवड आणि मानांकन ‘पेअरवाइज’ने ठरत असे. प्रत्येक दोन संघांची आपापसात तुलना करायची आणि ती करताना आरपीआय हा निर्देशांक, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आणि परस्परांतील निकाल पाहायचे, अशी ती पद्धत होती. तिचा गाभा असलेल्या आरपीआयमध्ये संघाच्या स्वतःच्या विजयांना २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना २१ टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना ५४ टक्के वजन होते. याचा एक विचित्र परिणाम असा होई की अगदी दुबळ्या संघाला हरवल्यावर विजेत्याचाच निर्देशांक खाली येत असे, म्हणून असे विजय हिशेबातून वगळण्याची सोय करावी लागली होती. २०२५-२६ च्या हंगामापासून पेअरवाइजची जागा एनपीआय या नव्या निर्देशांकाने घेतली. यांपैकी कोणतीही पद्धत पुढच्या सामन्याचे भाकीत करण्यासाठी बनवलेली नाही. कोणी काय कमावले ते ठरवणे हे तिचे काम, आणि तेवढ्यापुरती ती ठीक आहे.

भाकितासाठी मला ‘क्रॅच’ ही पद्धत अधिक भावते. केन बटलर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत ब्रॅडली आणि टेरी यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या सांख्यिकीय प्रतिमानावर उभी आहे. हिचे सौंदर्य असे की गुणांकांचे गुणोत्तर म्हणजेच जिंकण्याचे गुणोत्तर होय. एका संघाचा गुणांक ४०० आणि दुसऱ्याचा २०० असेल, तर पहिला संघ तीनपैकी दोन वेळा जिंकेल असे ती सांगते. प्रतिस्पर्धी किती तगडे होते याचा हिशेब तिच्यात आपोआप होतो, वेगळे वजन ठरवावे लागत नाही. दोष म्हटले तर दोन आहेत. ती फक्त जय-पराजय पाहते, किती गोलांनी ते पाहत नाही. शिवाय ३५-४० सामन्यांच्या तुटपुंज्या माहितीवरून ती फार ठाम बोलते. अव्वल संघाचा गुणांक ५०० आणि तळाच्या पात्र संघाचा ५० असला, तर ती ९१ टक्के सांगून मोकळी होते. मी असा आकडा जसाच्या तसा कधीच घेत नाही, तो ५० च्या दिशेने चांगलाच ओढतो आणि पहिल्या फेरीतल्या सर्वांत विषम सामन्यातही ८० च्या वर जायला मन धजावत नाही.

असे करण्यामागे इतिहासही आहे. २००६ मध्ये होली क्रॉसने मिनेसोटाला जादा वेळेत ४-३ ने हरवले. २०१० मध्ये आरआयटीने डेन्व्हरला २-१ ने घालवले आणि पुढे थेट फ्रोझन फोर गाठली. सेंट क्लाउड स्टेट २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे देशातील सर्वोच्च मानांकित संघ म्हणून स्पर्धेत उतरला आणि दोन्ही वर्षी पहिल्याच सामन्यात बाद झाला, आधी एअर फोर्सकडून ४-१ ने आणि मग अमेरिकन इंटरनॅशनलकडून २-१ ने. हरवणारे हे चारही संघ ज्या कॉन्फरन्समधून आले, तिला तेव्हा कोणी फारसे मोजत नसे. अशा कॉन्फरन्सचे संघ बाहेरच्या बलाढ्य संघांशी हंगामात मोजकेच सामने खेळतात आणि तेही बहुतांशी नाताळाच्या आधी. दोन गटांना जोडणारा हा धागा इतका बारीक असतो की कोणतीही पद्धत त्यांच्यातील अंतर नेमके सांगू शकत नाही. ऑक्टोबरात अडखळणारा संघ मार्चमध्ये तसाच राहिलेला नसतो, हे तर वेगळेच.

‘फॉर्म’ या लाडक्या कल्पनेचे काय करायचे? यासाठी २०१३ चा येल संघ पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात कॉन्फरन्सच्या अंतिम टप्प्यात येल युनियनकडून ५-० ने आणि क्विनिपियाककडून ३-० ने हरला, म्हणजे दोन सामन्यांत एकही गोल करू शकला नाही. इतरांचे निकाल सोयीचे लागले म्हणून त्याला कसाबसा प्रवेश मिळाला. मग पहिल्याच सामन्यात जादा वेळेच्या नवव्या सेकंदाला गोल करून त्याने मिनेसोटाला घरी पाठवले, नॉर्थ डकोटा आणि मॅसॅच्युसेट्स-लोवेल यांना मागे टाकले आणि पिट्सबर्गमधील अंतिम सामन्यात गाठ पडली ती पुन्हा क्विनिपियाकशी. त्या हंगामात क्विनिपियाकने येलला तीनदा हरवले होते. शून्य गोलांच्या त्या पराभवानंतर बरोबर तीन आठवड्यांनी येलने तो सामना ४-० ने जिंकला. परस्परांतील निकाल आणि ताजा फॉर्म ही दोन्ही प्रमाणे एकाच दिशेने बोट दाखवत होती, आणि दोन्ही फसली. माझ्या हिशेबात शेवटच्या दोन आठवड्यांना उरलेल्या हंगामापेक्षा जास्त वजन नसते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे गोलरक्षक. ‘गोलरक्षक तापला की काही खरे नाही’ असे सगळेच म्हणतात, आणि ते खोटे नाही. २०२४ मध्ये डेन्व्हरच्या मॅट डेव्हिसने चार सामन्यांत मिळून फक्त तीन गोल होऊ दिले, अंतिम सामन्यात बोस्टन कॉलेजचे ३५ फटके अडवले आणि गुणी, तरुण आघाडीपटूंनी भरलेला तो अव्वल मानांकित संघ २-० ने हरला. अडचण एवढीच की हा ताप आधी मोजता येत नाही. ९३ टक्के फटके अडवणारा आणि ९१ टक्के अडवणारा यांच्यात तीस फटक्यांमागे ०.६ गोलाचा फरक पडतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे अर्धा गोलसुद्धा मोठी गोष्ट आहे. पण हंगामभरातील ८०० फटक्यांवरून काढलेल्या टक्केवारीत निव्वळ योगायोगाने एक टक्का इकडेतिकडे होणे अगदी स्वाभाविक असते. म्हणजे कागदावर ९२ दिसणारा गोलरक्षक खरोखर ९१ चा आहे की ९३ चा, हे एका हंगामाच्या आकड्यांवरून कळत नाही. दोन-तीन हंगाम खेळलेला गोलरक्षक असेल, तर मी दोन-तीन टक्के देतो, नवख्याला देत नाही.

काही बारीकसारीक दुरुस्त्या मात्र कराव्याच लागतात. नियमित हंगामात बरोबरी झाली की पाच मिनिटे तीन-विरुद्ध-तीन खेळतात, बाद फेरीत मात्र पाच-विरुद्ध-पाच असे वीस-वीस मिनिटांचे डाव पहिला गोल होईपर्यंत चालतात. मोकळ्या बर्फावर जिंकण्याचे कसब इथे फारसे उपयोगी पडत नाही, म्हणून तसे मिळवलेले विजय मी जवळपास बरोबरीतच धरतो. गोलफरक पाहतानाही रिकाम्या जाळ्यातील गोल वगळायला हवेत. शेवटच्या दोन मिनिटांत पिछाडीवरचा संघ गोलरक्षक काढून आणखी एक खेळाडू उतरवतो आणि २-१ चा अटीतटीचा सामना बघता बघता ४-१ होऊन बसतो. सामना तटस्थ ठिकाणी आहे म्हणून विसंबू नये, कारण विभागीय सामने यजमान कॉलेजच्या घराजवळ पडले की तटस्थता नावापुरतीच राहते.

भाकिते जोखण्यासाठी मी १९५० मध्ये हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी सुचवलेला गुण वापरतो. सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतील फरकाचा वर्ग घ्यायचा, तो जितका लहान तितके चांगले. सगळीकडे ५०-५० लिहिणाऱ्याला दर सामन्यामागे ०.२५ मिळतात. ९० टक्के लिहून हरलेला एकच सामना ०.८१ चा दंड ठोकतो, आणि पंधरा सामन्यांच्या स्पर्धेत असे दोन दंड बसले की उरलेल्या तेरांनी मिळवलेली बरीचशी पुंजी संपते. ६० लिहून हरले तर ०.३६ वर भागते.

थकव्याबद्दल मी अजून ठाम झालेलो नाही. २०२५ च्या उपांत्य फेरीत वेस्टर्न मिशिगनने डेन्व्हरला दुसऱ्या जादा डावात ३-२ ने हरवले आणि दोनच दिवसांनी सेंट लुइसमध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ ने लोळवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. पाय जड झाल्याचे त्या निकालावरून तरी म्हणता येणार नाही. तरीही दोन जादा डाव खेळून आलेल्या संघाचा एखादा टक्का मी कापतो, आणि तीन जादा डाव झाले असतील तर दोन.