पंचांना न दिसलेला गुडघा

२०२२ च्या फेब्रुवारीत, बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये, पुरुषांच्या स्नोबोर्ड स्लोपस्टाइल स्पर्धेचे (बर्फाच्या उतारावरून फळीवर उभे राहून अडथळे आणि उड्या पार करण्याच्या) सुवर्णपदक कॅनडाच्या मॅक्स पॅरट याला मिळाले. त्याला ९०.९६ गुण होते आणि दुसऱ्या आलेल्या चीनच्या सू यीमिंगला ८८.७०. या खेळात हवेत असताना हाताने फळी पकडावी लागते आणि ती पकड किती स्वच्छ आहे याला गुणांमध्ये मोल असते. पॅरटने एका उडीत फळीऐवजी स्वतःचा गुडघा पकडला होता. नंतर दुसऱ्या कोनातून दाखवलेल्या दृश्यात हा गुडघा कोणालाही ओळखता येईल इतका स्पष्ट दिसत होता, मात्र गुण देणाऱ्या पंचांना तो दिसलाच नव्हता. मुख्य पंचाने पुढे मोकळेपणाने सांगितले की त्यांच्यासमोर प्रक्षेपणातले एकाच कोनातले चित्र येत होते आणि त्या चित्रात ती चूक झाकली गेली होती. थोडक्यात, त्या क्षणी पंच हेही टीव्हीचे प्रेक्षकच होते, आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांपेक्षा त्यांची जागा वाईट होती. सू आणि त्याच्या प्रशिक्षकाने पंचांवरची टीका थांबवण्याचे आवाहन केले, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण खरे; पण तेवढ्याने मूळ प्रश्न मिटत नाही.

हा प्रसंग मी माझ्या मामांना सांगितला. मामा ठाण्यात चरईत राहतात, आणि निवृत्तीपूर्वी व त्यानंतरही अनेक वर्षे त्यांनी शालेय मल्लखांब स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम केले आहे. बर्फ त्यांनी आयुष्यात उसाच्या रसाच्या गाडीवर आणि मासळी बाजारात जेवढा पाहिला तेवढाच. तरीही त्यांचा पहिला प्रश्न नेमका होता. “अगं, पण पंच एकाच बाजूला का बसवले? खांबामागे गेलेली पकड समोरच्याला दिसत नाही, म्हणून तर आम्ही दोन बाजूंना बसायचो.” त्या महिन्यात करोनाच्या तिसऱ्या लाटेमुळे माझे ऑफिस घरूनच चालू होते. मोबाइलवरचे चित्र मामांच्या टीव्हीवर जोडून आम्ही दोघे रोज काही ना काही पाहू लागलो, आणि माझ्या मनात तेव्हापासून घोळत असलेला विषय असा आहे: ज्या खेळात सेकंद किंवा मीटर न मोजता माणसे गुण देतात, तो खेळ टीव्हीवर कसा दाखवला जातो, आणि त्या दाखवण्याचा आपल्या न्यायबुद्धीवर काय परिणाम होतो.

टीव्हीने हा खेळ फक्त दाखवला असे म्हणणे अपुरे आहे, कारण त्याने तो बदललाही. फिगर स्केटिंगमध्ये पूर्वी ‘कंपल्सरी फिगर्स’ नावाचा एक भाग असे. खेळाडूने बर्फावर पात्याच्या कडेने ठरावीक वर्तुळाकृती आकृत्या काढायच्या, पुन्हा त्याच रेषेवरून जायचे, आणि पंचांनी खाली वाकून त्या रेषा तपासायच्या. कसब मोठे होते, पण टीव्हीवर दाखवण्यासारखे त्यात काहीच नव्हते. १९७२ च्या सप्पोरो ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शुबा या आकृत्यांमधील प्रचंड आघाडीच्या जोरावर सुवर्णपदक घेऊन गेली, जरी मुक्त स्केटिंगमध्ये, म्हणजे संगीतावर करायच्या उड्या-गिरक्यांच्या कार्यक्रमात, तिचा क्रमांक सातवा होता. टीव्हीवरच्या प्रेक्षकांनी मुक्त स्केटिंगच पाहिले होते आणि त्यांना अमेरिकेची जॅनेट लिन आवडली होती, जिला कांस्य मिळाले. ज्या परीक्षेवर निकाल ठरला ती परीक्षा प्रेक्षकांनी पाहिलेली नव्हती, आणि जी पाहिली तिच्यावर निकाल ठरला नव्हता. पुढच्याच वर्षी छोट्या कार्यक्रमाचा नवा भाग आणून आकृत्यांचे वजन कमी करण्यात आले, आणि १९९० नंतर आकृत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून पूर्णपणे गेल्या. मामांना ही गोष्ट अन्यायाची वाटली. त्यांच्या मते जे प्रेक्षकाला कंटाळवाणे वाटते तेच बहुधा खरे शिक्षण असते, आणि ते काढून टाकले की उरते ती कसरत. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, परंतु त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असेही मला म्हणता येत नाही.

त्यानंतरची मोठी घटना २००२ ची, सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकची. जोड्यांच्या स्पर्धेत रशियाच्या येलेना बेरेझ्नाया आणि अँटोन सिखारुलिद्झे यांच्याकडून उडीनंतर उतरताना एक छोटी चूक झाली, तर कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेटिए यांचा कार्यक्रम निर्दोष पार पडला. तरीही पाच विरुद्ध चार अशा मतांनी सुवर्ण रशियाला गेले. अमेरिकी वाहिनीच्या समालोचकांनी, जे स्वतः या खेळातून आलेले होते, त्या क्षणीच आपला संताप लपवला नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तो संताप देशभर पसरला. फ्रान्सच्या पंच मारी-रेन ल गून यांच्यावर दबाव असल्याचे प्रकरण बाहेर आले आणि अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले. मी ते दोन्ही कार्यक्रम नंतर अनेकदा पाहिले आहेत. पंचांमध्ये मतांचा सौदा झाला असेल तर ते निंद्यच. पण रशियन जोडीचा कार्यक्रम रचनेने अधिक अवघड होता, हे सांगायला त्या समालोचनात जागाच उरली नव्हती. चूक डोळ्यांना दिसते, अवघडपणा समजावून सांगावा लागतो. टीव्हीला पहिली गोष्ट फुकट मिळते, दुसरीसाठी मेहनत घ्यावी लागते.

या प्रकरणातून २००४ मध्ये नवी गुणपद्धती आली. जुन्या पद्धतीत सहापैकी गुण असत, प्रत्येक देशाच्या पंचाचा आकडा पडद्यावर ओळीने झळकत असे, आणि कोणाचा पंच कोणाला झुकते माप देतो हे दिवाणखान्यात बसूनही कळत असे. नव्या पद्धतीत प्रत्येक उडीला आणि गिरकीला ठरलेली मूळ किंमत आहे (अ‍ॅक्सेल आणि लुट्झ ही उड्यांच्या प्रकारांची नावे): तीन फेऱ्यांच्या अ‍ॅक्सेलला ८, चार फेऱ्यांच्या लुट्झला ११.५०, चार फेऱ्यांच्या अ‍ॅक्सेलला १२.५०. उडी नेमकी कोणती होती आणि फेऱ्या पूर्ण झाल्या का, हे वेगळे तांत्रिक मंडळ ठरवते. ती किती चांगली झाली यासाठी नऊ पंच उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर गुण देतात, आणि त्यातला सर्वांत मोठा व सर्वांत छोटा आकडा वगळून सरासरी काढली जाते. गंमत अशी की भ्रष्टाचार रोखायचा म्हणून पंचांची नावे त्यांच्या गुणांपासून तोडण्यात आली, आणि २०१६ पर्यंत कोणी किती गुण दिले हे कोणालाच कळत नव्हते. २०१४ मध्ये सोचीला दक्षिण कोरियाच्या किम युनाऐवजी रशियाच्या अदेलिना सोत्निकोवाला सुवर्ण मिळाले आणि वाद पेटला, तेव्हा प्रेक्षकांच्या हाती बोट दाखवायला एकही नाव नव्हते.

आता पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. खेळाडू उडी मारतो, चौकटीत आकडा वाढतो, आणि शेजारी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग उमटतो. हिरवा म्हणजे पंचांना आवडले, लाल म्हणजे आवडले नाही, आणि पिवळा म्हणजे तांत्रिक मंडळ ती उडी पुन्हा पाहणार आहे. वरवर पाहता ही चौकट म्हणजे पारदर्शकतेचा कळस. पण ती आकडा दाखवते, कारण दाखवत नाही. अपुरी राहिलेली पाव फेरी, पात्याची चुकीची कड, यांतले काय घडले म्हणून रंग पिवळा झाला हे सहसा कोणी सांगत नाही, कारण तोवर पुढची उडी आलेली असते. शेवटी तांत्रिक गुण जाहीर होतात तेव्हा चौकटीतल्या बेरजेपेक्षा ते कधीकधी कमी भरतात, आणि ज्याने पिवळा रंग पाहिलाच नव्हता त्याला कोणीतरी आपल्या डोळ्यांदेखत गुण चोरले असे वाटते. मामांनी दुसऱ्याच दिवशी मला त्या चौकटीवर कागद चिकटवायला सांगितले.

त्याहून मोठी अडचण कॅमेऱ्याची आहे. रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते, आणि खेळाडूचे खरे मोठेपण त्या जागेवर तो किती वेगाने आणि किती कमी ढकल्यांत पसरतो यात असते. पंच बर्फाच्या कडेला बसतात, म्हणून त्यांना तो वेग थेट जाणवतो. टीव्हीचा कॅमेरा मात्र लांबच्या भिंगातून खेळाडूला चौकटीच्या मधोमध धरून त्याच्याबरोबर वळत राहतो, आणि त्यामुळे वेगवान व संथ खेळाडू जवळपास सारखेच दिसतात. २०१९ मध्ये जपानच्या सैतामा येथील जागतिक स्पर्धेच्या प्रक्षेपणात उडीची उंची, लांबी आणि उतरतानाचा वेग पडद्यावर दाखवण्याचा प्रयोग झाला होता, आणि माझ्या मते अलीकडच्या काळात या खेळाच्या प्रक्षेपणात झालेली ती सर्वांत प्रामाणिक सुधारणा आहे. उलट, पावलांच्या रचनेचा भाग आला की दिग्दर्शकाला नेमका चेहऱ्याचा मोह होतो. ज्या वीस-तीस सेकंदांत सर्व काही पायांत चाललेले असते, त्याच वेळी आपल्याला मिटलेले डोळे आणि ताणलेली मान दाखवली जाते. “तोंड काय दाखवतोयस, पाय दाखव ना,” असे मामा टीव्हीला उद्देशून, अगदी शाळेतल्या मुलाला दटावल्यासारखे म्हणाले होते.

या बाबतीत स्की जंपिंगचे, म्हणजे उतारावरून झेप घेऊन लांब जाऊन उतरण्याच्या खेळाचे, प्रक्षेपण मला अनुकरणीय वाटते. उतारावर एक हिरवी रेषा आखलेली दिसते: तिथवर पोहोचला तर आघाडी. अंतर मोजले जाते, शैलीसाठी पाच पंच प्रत्येकी २० पैकी गुण देतात, पाचही आकडे पडद्यावर येतात आणि त्यातला सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आपल्यासमोर बाद होतो. हे सगळे दहा सेकंदांत आटोपते आणि कोणालाही समजते.

समालोचकाने पंचाशी जाहीर भांडावे की नाही, हा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. बीजिंगच्याच हाफपाइप स्पर्धेत (बर्फातल्या अर्ध्या नळीसारख्या खोलगटातल्या स्नोबोर्ड स्पर्धेत) जपानच्या आयुमु हिरानोने दुसऱ्या फेरीत, ऑलिम्पिकमध्ये त्याच्याआधी कोणी न केलेली तिहेरी कॉर्क (हवेत तिरके राहून तीनदा उलटण्याची उडी) घेऊन अफाट अवघड कार्यक्रम केला, आणि त्याला ९१.७५ गुण मिळाले, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या स्कॉटी जेम्सच्या ९२.५० पेक्षा कमी. अमेरिकी समालोचक टॉड रिचर्ड्स, जो स्वतः स्नोबोर्डर आहे, थेट प्रक्षेपणातच भडकला. हिरानोने तिसऱ्या फेरीत पुन्हा तोच कार्यक्रम करून ९६ गुण आणि सुवर्ण मिळवले. तिथे समालोचकाचा राग जाणकाराचा होता आणि त्याला कारणांची जोड होती, म्हणून मला तो पटला.

याच्या उलट टोक त्यानंतर चारच दिवसांनी दिसले. उत्तेजक चाचणीत अडकूनही खेळण्याची परवानगी मिळालेली रशियाची १५ वर्षांची कमिला वालिएवा छोट्या कार्यक्रमासाठी बर्फावर आली, तेव्हा अमेरिकी वाहिनीचे समालोचक तारा लिपिन्स्की आणि जॉनी वीअर जवळजवळ पूर्ण कार्यक्रमभर गप्प राहिले. ती शांतता मी नंतर ऐकली, ‘ऐकली’ हाच शब्द योग्य आहे. दोन दिवसांनी मुक्त स्केटिंगमध्ये ती वारंवार अडखळली, पडली आणि चौथी आली. पुढे २०२४ मध्ये तिचा तो निकालच रद्द झाला. पण ती बर्फावरून बाहेर येताच प्रशिक्षिकेने तिला तू झुंजणे का सोडलेस असे विचारले, मग गुणांची वाट पाहत खेळाडू जिथे बसतात त्या बाकावर ती रडत राहिली, आणि हे सगळे मायक्रोफोन व कॅमेऱ्याने टिपून जगभर पोहोचवले. त्या बाकासमोर कॅमेरा असणे हा आता या खेळाचा भागच झाला आहे. तो दुसरीकडे वळवण्याचा अधिकार कोणाकडे तरी असायला हवा होता असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

वेळेबद्दल एक वाक्य लिहायला हवे. पुरुषांचे फिगर स्केटिंग बीजिंगमध्ये सकाळी ठेवले होते, कारण तेव्हा अमेरिकेत संध्याकाळचा टीव्ही पाहण्याचा काळ असतो. आमच्या ठाण्यात त्यामुळे ते सकाळी सातच्या सुमारास, दूधवाला आणि पाण्याची वेळ यांच्या मधोमध येत असे.

स्पर्धा संपल्यावर मी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने प्रसिद्ध केलेले गुणपत्रक छापून मामांना नेऊन दिले. त्यात प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक घटकापुढे नऊही पंचांचे आकडे असतात. मामांनी ते लगेच पाहिले नाही. त्यांनी आधी जपानचा स्केटर युझुरु हान्यू याचा मुक्त कार्यक्रम आवाज बंद करून, चौकटीवर कागद चिकटवून पाहिला, आणि जुन्या वहीत स्वतःचे गुण मांडले. चार फेऱ्यांच्या अ‍ॅक्सेलवर तो पडला तिथे त्यांनी उणे पाच लिहिले. मग गुणपत्रक शेजारी ठेवून त्यांनी दोन्ही आकडे जुळवले. बहुतेक ठिकाणी फरक एखाद्या गुणाचाच होता. पावलांच्या रचनेपुढे मात्र त्यांची वही कोरी होती. मी विचारले, “मामा, इथे काही दिलेच नाहीत तुम्ही?” त्यांनी पेन घेतले, त्या रकान्यात ‘दिसले नाही’ असे लिहिले, आणि खाली सही केली.